फिरतीच्या कामासाठी हातातले यंत्र निवडताना

तलाठी, कृषी सहायक, वनरक्षक, अंगणवाडी सेविका, आशा, रोजगार सेवक, वीज वितरणाचे लाइनमन आणि घरोघर सामान पोहोचवणारी मुले अशा फिरतीवर काम करणाऱ्या सर्वांच्या हातात गेल्या दहा-पंधरा वर्षांत इंटरनेट आणि दिशादर्शन या दोन्ही सोयी असलेले एखादे यंत्र येऊन बसले आहे. पूर्वी ज्या कामाची नोंद वहीत होत असे, त्या कामाला आता छायाचित्र, वेळ आणि अक्षांश-रेखांश यांची जोड द्यावी लागते. ती नसेल तर काम झाले असे धरले जात नाही आणि काही योजनांत मजुरीही निघत नाही. इतके ज्याच्यावर अवलंबून आहे ते यंत्र निवडताना मात्र बहुतेक ठिकाणी दुकानदाराने पुढे ठेवलेले कोष्टक किंवा निविदेतील सर्वांत कमी दर एवढाच निकष राहतो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि मेमरी किती जीबीची, हे कोष्टक सांगते. मेळघाटातल्या एखाद्या नाल्यात, भर पावसात, दिवसभराच्या गस्तीनंतर ते यंत्र चालेल की नाही, हे सांगत नाही. म्हणून या निवडीची सुरुवात कामाची जागा आणि यंत्र वागवणारा माणूस यांच्यापासून व्हायला हवी, आणि किंमत व कोष्टक यांचा विचार त्यानंतर यायला हवा.

आज एकाच फोनमध्ये सामावलेली ही कामे आरंभी वेगवेगळ्या यंत्रांकडे होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये जीपीएस ही उपग्रहांवर आधारलेली स्थाननिश्चितीची यंत्रणा हाती घेतली, तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने चालू झाली. नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली अचूकतेची खोट मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, तेव्हा शंभर मीटरच्या आसपास राहणारी चूक एकदम दहा-वीस मीटरांवर आली आणि खिशातल्या यंत्राने वाट शोधणे व्यवहारात शक्य झाले. २००७ मध्ये नोकियाने एन-८१० हे सरकत्या कळफलकाचे, जीपीएस असलेले पण फोन नसलेले छोटे इंटरनेट-यंत्र आणले, आणि इंटेलनेही पुढच्याच वर्षी अशा यंत्रांसाठी खास प्रोसेसर बाजारात उतरवले. हा वर्ग फार काळ टिकला नाही, कारण २००८ मध्ये जीपीएससह आलेला आयफोन ३जी आणि त्याच वर्षी आलेले अँड्रॉइड फोन यांनी फोन, इंटरनेट व नकाशा एकत्र आणले. आज फिरतीच्या कामासाठी खरेदी करणाऱ्यासमोर प्रामुख्याने तीन पर्याय असतात: साधा स्मार्टफोन, धक्के व पाणी सोसण्यासाठी बांधलेला दणकट हँडहेल्ड, आणि इंटरनेट नसलेला निव्वळ जीपीएस रिसीव्हर.

यांतला कोणताही पर्याय पारखण्याआधी स्थान कळते कसे, हे थोडक्यात समजून घ्यावे लागते, कारण खरेदीतले निम्मे गैरसमज तिथूनच निघतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि प्रत्येक उपग्रह आपल्या अणुघड्याळातील वेळ व आपला ठावठिकाणा सतत प्रक्षेपित करत असतो. हातातले यंत्र हा संकेत फक्त ऐकते. उपग्रहाकडे ते काहीही पाठवत नाही. संकेत निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ लागला यावरून अंतर निघते, आणि अशी अंतरे किमान चार उपग्रहांची मिळाली की स्थान ठरते. चौथा उपग्रह लागतो तो हातातल्या यंत्राच्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी, कारण रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने धावत असल्याने घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरक पडला तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते.

यावरून उघड होते की स्थान कळण्यासाठी सिमकार्ड लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. ‘रेंज नाही म्हणून जीपीएस चालत नाही’ हे वाक्य गावोगावी ऐकू येते, त्यामागे दोन वेगळी कारणे असतात. पहिले असे की उपग्रहाकडून येणारी माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिट इतक्या संथ गतीने येते. एका उपग्रहाच्या कक्षेचा नेमका तपशील मिळायला सुमारे अर्धा मिनिट लागते आणि सर्व उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. फोनला नेट असेल तर तो हाच तपशील इंटरनेटवरून काही क्षणांत उचलतो आणि स्थान चटकन दाखवतो. नेट नसेल तर त्याला उघड्या आकाशाखाली थांबून उपग्रहांकडूनच तो घ्यावा लागतो, आणि घाईत असलेला माणूस तेवढ्यात यंत्र बंद पडले असे समजून ते खिशात टाकतो. दुसरे कारण नकाशाचे आहे. स्थानाचा निळा ठिपका बरोबर जागी असतो, पण त्याखालचा नकाशा इंटरनेटवरून येत असल्याने ठिपक्याभोवती नुसता करडा पडदा दिसतो. म्हणून ज्या भागात काम करायचे तिथला नकाशा निघण्यापूर्वीच यंत्रात उतरवून ठेवता येतो का आणि त्यासाठी पुरेशी साठवण शिल्लक आहे का, हा प्रश्न कॅमेऱ्याच्या प्रश्नाआधी विचारायला हवा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून तयार झालेल्या जागतिक नकाशावर चालणारी काही मोफत अ‍ॅप संपूर्ण महाराष्ट्राचा नकाशा फोनमध्ये साठवू देतात, आणि आदिवासी पाड्यांकडे जाणाऱ्या पायवाटाही त्यांत अनेकदा सापडतात.

अचूकतेचा प्रश्न अधिक खोल आहे. उघड्या माळावर चांगला स्मार्टफोन साधारण पाच मीटरच्या आत स्थान दाखवतो. ही अचूकता पुरेशी आहे की नाही, हे काम कोणते यावर ठरते. गाव शोधायचे असेल, पाणवठ्याची जागा नोंदवायची असेल किंवा राज्यात ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्याच शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घेतले आहे एवढेच दाखवायचे असेल, तर पाच मीटर पुष्कळ झाले. जमिनीची हद्द ठरवायची असेल तर मात्र ते पुरत नाहीत. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे सुमारे दहा मीटर बाजूची जागा. तिच्या कोपऱ्यावर उभे राहून पाच मीटरची चूक झाली तर ती निम्म्या बाजूइतकी होते. तरीही बांधाच्या भांडणात फोनवरचा ठिपका दाखवून ‘हद्द इथे आहे’ असे सांगणारे आढळतात, आणि त्यातून नवी भांडणे उभी राहतात. हद्दीच्या कामासाठी भूमी अभिलेख खाते वापरते ते रोव्हर हे वेगळ्या जातीचे यंत्र असते. ठिकठिकाणी कायम बसवलेली संदर्भ-केंद्रे उपग्रहांच्या संकेतांतील चूक सतत मोजत असतात आणि ती दुरुस्ती इंटरनेटवरून रोव्हरला मिळाली की त्याची अचूकता काही सेंटिमीटरवर येते. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशा केंद्रांचे जाळे उभारले आहे. जमीन मोजायची असेल तर स्मार्टफोन कितीही महाग घेतला तरी तो रोव्हरचे काम करणार नाही, आणि नुसती नोंद करायची असेल तर रोव्हर घेणे हा पैशाचा अपव्यय ठरतो.

उघड्या माळावरची अचूकता दरीत टिकत नाही. सह्याद्रीच्या कड्याखाली, मुंबईतल्या उंच इमारतींच्या गल्लीत किंवा दाट झाडोऱ्यात उपग्रहाचा संकेत थेट न येता खडकावर किंवा भिंतीवर आपटून येतो; वाटेत वळसा पडल्याने त्याला वेळ अधिक लागतो आणि यंत्र अंतर जास्त धरते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे जीपीएसच्या जोडीने रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बैदू या यंत्रणांचेही संकेत घेणारे यंत्र निवडणे, कारण आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसत असेल तर त्या पट्टीत जितके अधिक उपग्रह सापडतील तितके चांगले. दुसरा उपाय म्हणजे दोन कंप्रतांवर संकेत घेणारे यंत्र. बहुतेक स्वस्त फोन एल-१ या एकाच कंप्रतेवर ऐकतात. एल-५ ही दुसरी कंप्रता मिळाली तर आपटून आलेला संकेत ओळखून वगळणे सोपे जाते आणि वातावरणाच्या वरच्या थरांमुळे होणारी चूकही काढता येते. अशी सोय असलेला पहिला फोन २०१८ मध्ये आला आणि आता ती मध्यम किमतीच्या काही फोनमध्येही मिळते, पण दुकानातल्या फलकावर तिचा उल्लेख क्वचितच असतो.

भारताची नाविक ही यंत्रणा याच संदर्भात पाहावी लागते. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये आणि सातवा एप्रिल २०१६ मध्ये सोडला गेला. भारत आणि त्याच्या सीमांपासून सुमारे १,५०० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश हे तिचे क्षेत्र आहे, आणि तिचे उपग्रह सतत भारतावरच राहत असल्याने ते डोक्यावर उंच दिसतात, ही गोष्ट दरीत उभ्या असलेल्या माणसाच्या मोठ्या फायद्याची आहे. तथापि तिच्या काही मूळ उपग्रहांतील अणुघड्याळे निकामी झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ हा तिचा उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. स्वदेशी यंत्रणेविषयी आस्था असणे योग्यच आहे, आणि नाविकचे संकेत घेणारा फोन मिळत असेल तर तो अवश्य घ्यावा; मात्र इतर यंत्रणांच्या जोडीला म्हणून घ्यावा, तिच्यावरच सर्व भार टाकून घेऊ नये.

यंत्र उत्तम असूनही नोंद चुकते ती अनेकदा आकडे लिहिण्याच्या पद्धतीमुळे. अक्षांश-रेखांश अंश, मिनिटे व सेकंद अशा रीतीने लिहितात, तसेच नुसते दशांश अंशांतही लिहितात. १९ अंश ३० मिनिटे ३० सेकंद हा अक्षांश दशांश पद्धतीत १९.५०८३ असा होतो. पण तो ऐकून एखाद्याने १९.३०३० असे भरले, तर जागा सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला सरकते आणि विहीर दुसऱ्याच तालुक्यात नोंदली जाते. दशांशानंतरचा पाचवा अंक साधारण एक मीटर दाखवतो, म्हणून पाच अंकांपेक्षा कमी नोंद घेऊ नये आणि फोनवर त्यापुढे दिसणाऱ्या अंकांना फार महत्त्व देऊ नये. जुन्या टोपोशीटवरून काम करणाऱ्यांना आणखी एक काळजी घ्यावी लागते: ते नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या मापनावर आधारलेले होते, तर जीपीएस यंत्रे डब्ल्यूजीएस-८४ हे जागतिक मापन वापरतात, आणि दोन्हींची सरमिसळ झाली तर जागा चांगलीच सरकते. दोन्ही पद्धती व दोन्ही मापने यांची अदलाबदल करता येणारे यंत्र किंवा अ‍ॅप असणे ही सर्वेक्षणाच्या कामात गरजेची गोष्ट आहे.

मेळघाट, ताडोबा-अंधारी किंवा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातील वनरक्षकाचे काम पाहिले तर हे सर्व प्रश्न एकत्र भेटतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० मध्ये आणलेल्या एम-स्ट्राइप्स या प्रणालीत गस्तीची वाट, पाऊलखुणा, विष्ठा, शिकारीच्या फासाच्या खुणा यांची नोंद स्थानासह होते. जंगलात रेंज नसल्याने नोंद यंत्रातच साठते आणि नाक्यावर किंवा कार्यालयात परतल्यावर पाठवली जाते. अशा कामात एक अडचण वारंवार येते, तिचे मूळ मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अनेक स्मार्टफोन बॅटरी वाचवण्यासाठी पडदा बंद झाल्यावर मागे चालू असलेली अ‍ॅप आपोआप थांबवतात. परिणामी नाल्यातून, टेकडीला वळसा घालून चाललेल्या माणसाची वाट नकाशावर दोन ठिपके जोडणाऱ्या सरळ रेषेसारखी उमटते, आणि त्या रेषेकडे पाहून कार्यालयात बसलेला अधिकारी गस्त झालीच नाही असा निष्कर्ष काढू शकतो. फोनच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या एका अ‍ॅपला सूट देता येते. ती देता येत नसेल किंवा प्रत्येक अपडेटनंतर आपोआप काढून घेतली जात असेल, तर तो फोन गस्तीच्या कामाला निरुपयोगी समजावा. जिथे इंटरनेटची गरज संध्याकाळीच पडते तिथे निव्वळ जीपीएस रिसीव्हर अजूनही आपली जागा राखून आहे: दोन पेन्सिल सेलवर तो वीसेक तास चालतो, सेल आठवडी बाजारातही मिळतात आणि बोटांना पाणी लागलेले असले तरी त्याची बटणे दाबली जातात.

पाऊस आणि ऊन यांचा विचार महाराष्ट्रात तरी गौण मानता येणार नाही. फोनवर छापलेल्या आयपी ६७ या खुणेचा अर्थ असा की धूळ आत जात नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिले तरी यंत्र चालते. आयपी ६८ मध्ये यापेक्षा अधिक किती, हे उत्पादक स्वतः सांगतो. ही चाचणी नव्या यंत्रावर, गोड्या पाण्यात होते. कोकणच्या किनाऱ्यावरचे खारे पाणी, घामट हात आणि दोनदा पडून पडद्याच्या कडेला गेलेली बारीक चीर यांचा हिशेब तिच्यात नसतो. शिवाय पाणी आत गेले नाही तरी ओल्या बोटांना पडदा नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून आषाढात काम करणाऱ्यासाठी बाजूला एखादे बटण असणे, आणि त्याने छायाचित्र घेता येणे, हे फार उपयोगाचे ठरते. उन्हाची गोष्ट त्याहून कडक आहे. अनेक फोनच्या माहितीपत्रकात वापरासाठी बाहेरचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे नमूद असते, आणि चंद्रपूर, अकोला, जळगाव या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा त्याच्या कितीतरी वर जातो. तापलेला फोन आधी पडद्याचा उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंद पडतो. म्हणजे उन्हात वाचता यावा म्हणून उजेड ज्या वेळी सर्वांत जास्त हवा, नेमक्या त्याच वेळी तो घटतो. बॅटरी किती मिलिअँपिअर-तासांची आहे, हा आकडा म्हणूनच एकट्याने फारसे सांगत नाही. रोजच्या कामाचे अ‍ॅप, स्थान-नोंद आणि पूर्ण उजेड चालू ठेवून यंत्र सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत टिकते का, हीच खरी कसोटी.

नेटवर्कच्या बाबतीत फोरजी किंवा फाइव्हजी एवढे पाहून थांबता येत नाही. प्रत्येक कंपनी ठरावीक कंप्रता-पट्ट्यांवर सेवा देते आणि यंत्रात तो पट्टा नसेल तर शेजारी टॉवर असूनही रेंज येत नाही. दुर्गम भागात अनेक ठिकाणी बीएसएनएलचाच टॉवर असतो. तिच्या फोरजी सेवेत ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे २८ क्रमांकाचा पट्टा आहे, आणि परदेशातून मागवलेल्या किंवा फार स्वस्त यंत्रांत तो असतोच असे नाही. दोन सिमची सोय इथे चैनीची बाब उरत नाही. त्याचप्रमाणे स्वस्त फोनमध्ये चुंबकीय होकायंत्राचा भाग अनेकदा गाळलेला असतो. असा फोन चालताना दिशा दाखवतो, पण चौकात किंवा वाटांच्या फाट्यावर उभे राहिल्यावर तोंड कुठे आहे हे सांगू शकत नाही, आणि वाट चुकते ती नेमकी अशाच वेळी.

जिथे कुठलीच रेंज नाही तिथे उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र घ्यावे, असा सल्ला परदेशी लेखनात सर्रास वाचायला मिळतो. भारतात तो जसाच्या तसा पाळणे धोक्याचे आहे. उपग्रहाकडून संकेत नुसते घेणारा जीपीएस रिसीव्हर आणि उपग्रहाकडे संदेश पाठवणारा संवादक यांत कायदा फरक करतो. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा संवादक बाळगणे हा गुन्हा आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये असे यंत्र सामानात सापडल्याने परदेशी प्रवाशांवर गोव्यातील विमानतळांवर कारवाई झाली होती. परदेशातल्या नातेवाइकाने कौतुकाने पाठवलेले यंत्र डोंगरावर नेण्याआधी ते फक्त ऐकते की बोलतेही, याची खात्री करून घेतलीच पाहिजे.

आतापर्यंतचे मुद्दे यंत्राविषयी झाले. याहून महत्त्वाचा धडा महाराष्ट्राला अंगणवाडी सेविकांनी दिला आहे. राज्यातील अंगणवाड्यांना २०१९ च्या सुमारास शासनाने स्मार्टफोन दिले आणि त्यांवर बालकांची वजने, उंची, आहारवाटप, गृहभेटी यांची नोंद होऊ लागली. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे केंद्र सरकारचे नवे अ‍ॅप आले. दिलेल्या फोनची मेमरी २ जीबी होती. नवे अ‍ॅप तिच्यात रखडू लागले, फोन तापू लागले, हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून करावा लागला, आणि मराठीत काम करणाऱ्या बायकांवर इंग्रजीत माहिती भरण्याची वेळ आली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. आंदोलन म्हणून ते गाजले. पण खरेदीशास्त्राच्या दृष्टीनेही त्याकडे पाहायला हवे. घेतलेले यंत्र त्या दिवशीच्या अ‍ॅपपुरते कदाचित चालण्याजोगे असेल, पुढच्या तीन-चार वर्षांत अ‍ॅप वाढणार, हा विचार त्यात नव्हता; दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले नव्हते; आणि यंत्र ज्यांच्या हाती जाणार त्यांना भाषा कोणती हवी, हे विचारले गेले नव्हते. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती-केंद्र, हमीच्या काळात बदली यंत्र, किती वर्षे सुरक्षा-अपडेट मिळणार याचा लेखी शब्द, आणि मराठीतून नाव-गाव भरण्याची सोय या बाबी निविदेत कॅमेऱ्याच्या वर लिहिल्या गेल्या असत्या, तर हजारो स्त्रियांचा मनस्ताप टळला असता.

रोजगार हमीच्या कामावरही तसेच घडले. जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा, स्थान व वेळ नोंदलेल्या छायाचित्रासह अ‍ॅपवर घेणे बंधनकारक झाले. हजेरी घेणाऱ्याचा फोन साधा असेल किंवा रेंज जात-येत असेल, तर छायाचित्र चढत नाही आणि दिवसभर माती उपसलेल्या माणसाची हजेरी लागत नाही. यंत्रातील किंवा जाळ्यातील उणिवेची शिक्षा मजुराला भोगावी लागणे हा अन्याय आहे, आणि यंत्र बंद पडल्यास कागदावरची हजेरी ग्राह्य धरण्याची तरतूद नियमातच असायला हवी.

दिशादर्शन असलेले यंत्र वाट दाखवते तसे माणसाचा मागही दाखवते, ही बाब निवडीच्या चर्चेत शेवटी येते किंवा येतच नाही. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांना जीपीएस घड्याळे दिली, तेव्हा कामावर हजर राहण्याची शिस्त हा हेतू सांगितला गेला. कामगारांच्या बाजूने मात्र पाळतीचा, मानहानीचा आणि वेतनकपातीचा प्रश्न उभा राहिला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे आणि वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. म्हणून कामाची वेळ संपल्यावर स्थान-नोंद बंद करता येते का, नोंद किती दिवस साठवली जाते आणि ती कोण पाहू शकतो, या प्रश्नांची उत्तरे यंत्र हाती देतानाच लेखी मिळायला हवीत. स्वतःच्या फोनवर कामाचे अ‍ॅप चढवायला सांगितले जात असेल, तर हा आग्रह अधिकच धरावा, कारण त्या फोनमध्ये घरचे सगळे आयुष्य असते.

स्वतःच्या पैशाने यंत्र घेणाऱ्या लाइनमनला किंवा सामान पोहोचवणाऱ्या मुलाला यातले बरेचसे दुकानाच्या दारातच पारखता येते. फोन उघड्या आकाशाखाली आणून मोबाइल डेटा व वायफाय बंद करावे आणि स्थान किती वेळात मिळते ते पाहावे. किती व कोणत्या यंत्रणांचे उपग्रह दिसतात आणि एल-५ चा संकेत मिळतो का, हे दाखवणारी मोफत अ‍ॅप आहेत. भर दुपारी, पडदा सूर्याकडे धरून नकाशावरची अक्षरे वाचता येतात का, एकाच हाताने यंत्र वापरता येते का आणि बोट ओले करून ते चालते का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. शासकीय खात्यांनी, नगरपालिकांनी आणि कंपन्यांनी मात्र एवढ्यावर थांबू नये. निवडलेल्या तीन-चार नमुन्यांची पंचवीस-तीस यंत्रे घेऊन ती प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या हाती एक उन्हाळा आणि एक पावसाळा द्यावीत, त्यांचे म्हणणे त्यांच्याच भाषेत लिहून घ्यावे, आणि तो अभिप्राय जोडलेला नसेल तर खरेदीच्या फाइलवर सही करू नये.